कॅमेऱ्यावरची टिकली

आमच्या पार्टीत फोन आत न्यायला बंदी नव्हती. फक्त दारात त्याच्या कॅमेऱ्यावर टिकली लावून घ्यावी लागे. दुसरीकडे या कामाला गोल स्टिकर वापरतात. टिकलीची कल्पना माझी. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या आमच्या घरापासून देशी दुकानांची रांग जवळ आहे, आणि टिकलीचा गोंद घामाने सुटत नाही हे मला आईच्या कपाळावरून माहीत होतं. मी मूठभर पाकिटं उचलली की काउंटरवरच्या काकू विचारायच्या, "लग्न आहे का गं घरी?"

"हो काकू. दर महिन्याला असतं."

"अगंबाई! कोणाचं?"

"सगळ्यांचंच."

काकू हसायच्या आणि एक पाकीट वरून टाकायच्या. मग दारावरचा आमचा धिप्पाड गडी, मानेपर्यंत गोंदलेला, एकेका फोनवर मरून टिकली अशा निगुतीने लावायचा, जसं काही हळदीकुंकूच चाललंय. फोनना तीन-तीन डोळे आले तेव्हा त्याने कुरकुर केली. पण तिन्ही झाकले.

हार्डकोर ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना ते कसं सांगावं मला कळत नाही. यंत्राने काढलेला ढोलाचा एक ठोका घ्यायचा, तो फाटेपर्यंत मोठा करायचा, आणि मग धावणाऱ्या माणसाचं काळीजही पोचणार नाही इतक्या वेगाने तो लावून द्यायचा. चाल नाही, बहुतेक वेळा शब्दही नाहीत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, आत मारहाण चालली आहे. थोडा वेळ थांबलं की लक्षात येतं, एवढ्या आवाजात कोणी कोणाला काही विचारूच शकत नाही. काय करतेस, कुठे शिकलीस, लग्नाचं काय ठरवलंयस. माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा शांत वाटलं ते त्या आवाजात.

युरोपात या संगीताच्या जत्रा भरतात. अमेरिकेत ते नेहमी तळघरात राहिलं. एखाद्या शहरात थोडे वेडे लोक, एक रिकामं गोदाम, एक जुनी व्हॅन. पत्ता कुठे छापायचा नाही. कार्यक्रमाच्या दिवशी एका नंबरवर फोन करायचा, रेकॉर्ड केलेला आवाज पत्ता सांगायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो आवाज पुसून टाकायचा. आमची टोळी लहान होती, एका व्हॅनमध्ये आणि एका गाडीत मावेल एवढी. नदीकाठच्या एका गावात गालिच्यांचं जुनं गोदाम आम्हाला भाड्याने मिळालं होतं. वर्षानुवर्षं आम्ही तिथे होतो.

रात्रींबद्दल मी इथे लिहिणार नाही. आत घडलेलं बाहेर सांगायचं नाही हा नियम मीच लिहिला आहे, आणि तो अजून पाळते. मी दिवसांबद्दल लिहिते आहे.

माझे बाबा तरुणपणी पुण्यात एका कामगार चळवळीत होते. नंतर ते कॉम्प्युटर शिकले, व्हिसा मिळाला, इकडे आले. येताना एका सूटकेसमध्ये कपड्यांच्या खाली जुनी पत्रकं घेऊन आले. मला मराठी वाचायला शिकवायची वेळ आली तेव्हा घरात लहान मुलांचं पुस्तक नव्हतं, म्हणून त्यांनी ती सूटकेस उघडली. बाकीची मुलं 'कमळ', 'गवत' वाचत होती तेव्हा मी 'बंधूंनो आणि भगिनींनो, मालकाच्या या डावाला बळी पडू नका' वाचत होते. प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर एक वळलेली मूठ असायची, शाई पसरलेली. मला वाटायचं ते 'श्री'सारखं काहीतरी असतं, कागदावर सगळ्यात आधी काढायचंच असतं. रविवारच्या मराठी शाळेत मी शुद्धलेखनाच्या पानावर ती काढली, तर बाईंनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा त्यांच्यासमोर गंभीर चेहऱ्याने उभे राहिले आणि गाडीत बसल्यावर घरी येईपर्यंत हसत होते.

पत्रक कसं लिहावं हेही त्यांनीच शिकवलं. "वाचणारा उभा आहे हे विसरायचं नाही. त्याची बस येतेय. पहिल्या ओळीत त्याला थांबव. आणि खाली स्वतःचं नाव घालू नको. कागद वाचणाऱ्याचा असतो."

पुढे माझ्या खोलीतून हार्डकोर ऐकू यायला लागलं तेव्हा आई म्हणाली, मशीन बिघडलंय. बाबा दारात उभे राहून नीट ऐकत होते. म्हणाले, "आमचं सायक्लोस्टाइल असंच वाजायचं." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

त्या मराठी शाळेत माझी मूठ बघून शेवटच्या बाकावरची एक मुलगी खो खो हसली होती. तीच पुढे माझी सगळ्यात जवळची मैत्रीण झाली. ती नागपूरची. शाळेत असताना आईवडिलांबरोबर इकडे आली. तिचे बाबाही आयटीत. इथल्या मराठी मंडळाच्या ढोल-ताशा पथकात ती ताशा वाजवायची. उन्हाळ्यात पथकाचा सराव एका ऑफिसच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये चालायचा. एकदा शेजारच्या वस्तीतून तक्रार गेली आणि पोलिसांची गाडी आली. पथकातले सगळे काका पुढे होऊन "सॉरी ऑफिसर, सॉरी ऑफिसर" करत होते आणि ही मागे हळूच ताशा वाजवतच होती. पुढे ती नेहमी सांगायची, "माझी पहिली रेड गणपतीची होती यार."

तिच्या हाताला जो वेग होता तो ताशाचाच. आमच्या टोळीत यंत्रांवर सगळ्यात चांगलं तीच वाजवायची. हे मी मैत्रीण म्हणून म्हणत नाही. ती ठोक्यांच्या मध्ये जागा सोडायची, आणि त्या एवढ्याशा जागेत माणसं श्वास घ्यायची. बाकीच्यांना हे जमत नव्हतं. त्यांना नुसतं मारता यायचं.

स्पीकर ज्यांनी बनवले ते आमच्यात सगळ्यात वयस्क. मिडवेस्टमधले एक गोरे सुतार, पहिल्यापासून या संगीतात असलेले. आम्ही दोघी त्यांना नावाने हाक मारू शकत नव्हतो, जीभच वळत नव्हती, म्हणून काका म्हणायला लागलो. अर्थ कळल्यावर त्यांना इतका अभिमान वाटला की ते सगळ्यांना सांगत सुटले, "मी यांचा काका आहे." मग टोळीतले सगळेच त्यांना काका म्हणायला लागले. काकांनी स्पीकर माणसापेक्षा उंच केले होते आणि वाजवणाऱ्याने त्यांच्यामागे उभं राहायचं, कोणाला दिसायचं नाही, असा त्यांचा हट्ट होता. "बघण्यासारखं काय आहे तिथे?" ते म्हणायचे. "ऐका."

आणि दारात टिकलीबरोबर प्रत्येकाच्या हातात एक कागद पडायचा. तो मी लिहायचे, इंग्रजीत, पण बाबांच्या पद्धतीने. त्याचा मजकूर साधारण असा होता:

थांब. तुझं नाव इथेच दाराबाहेर ठेव. आत कोणी कलाकार नाही आणि कोणी प्रेक्षक नाही. कोण कुठून आलं, काय करतं, कुठले कागद बाळगतं, हे इथे कोणी कोणाला विचारत नाही. फोटो नाही. जो तुला फक्त बघायला आला आहे त्याच्याकडे पाठ कर. कोणी पडलं तर उचल. पाणी फुकट आहे.

यातला एकही शब्द मी आज मागे घेणार नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यानंतर ते सांगण्याचं धैर्य राहील की नाही, माहीत नाही.

गेल्या काही वर्षांत बाहेर काहीतरी उलटंपालटं झालं. आमचं संगीत, ज्याला कोणी जवळ करत नव्हतं, ते एकदम सगळीकडे ऐकू यायला लागलं. बुटांच्या जाहिरातीत, जिममध्ये, फोनवरच्या तुकड्यांत. क्लबमध्ये त्याचा वेग तेवढा घेतात, बाकीचं दारात सोडतात. वाजवणारा मंचावर, त्याच्या मागे कॅमेरा, समोरचे सगळे हात वर करून स्वतःचाच व्हिडिओ काढणारे. आमच्याकडे नवीन आलेली पोरं टिकली बघून गोंधळायची. "मग मी इथे आलो होतो हे कळणार कसं?" एकाने मला खरंच विचारलं होतं. मी त्याला जे सुनावलं ते ऐकून काका हसून बेजार झाले.

दुसरीकडे जागा संपत होत्या. न्यू जर्सीत गोदामांना काही तोटा नाही. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल गोदामंच आहेत. पण ती नवी, पांढरी, घरपोच मालाची. त्यांच्या प्रत्येक कोपऱ्यावर कॅमेरा. जुनी पाडून तीच बांधतात. कुठे आग लागली की सगळ्या शहरांतले तपासनीस जागे होतात आणि आमच्यासारख्यांच्या दाराला कुलूप लागतं. फिलाडेल्फियाची टोळी अशी संपली. मिडवेस्टमधले काकांचे जुने सोबती एकेक करून थकले, काही वारले. त्यातले काही वारले ते कशाने, हे काका सांगत नसत, पण दर वेळी दारापाशी नशा कोणाच्या जिवावर उठली तर नाकात मारायचा तो औषधाचा फवारा आहे ना, हे स्वतः तपासायचे. मग आमच्या मालकाचाही निरोप आला. गोदाम विकलं, उन्हाळ्याअखेर रिकामं करा.

त्याच सुमारास माझ्या मैत्रिणीच्या इथे राहायच्या कागदांची मुदत संपत आली होती.

भारतातून आलेल्या घरांमध्ये हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आईवडील ग्रीन कार्डच्या रांगेत, आणि रांग इतकी लांब की मूल एकवीस वर्षांचं होतं आणि रांगेतून बाहेर फेकलं जातं. मग त्याने विद्यार्थी म्हणून नव्याने परवानगी मागायची, मग नोकरीची, आणि त्या व्हिसासाठी लॉटरी. लॉटरीत तिचं नाव लागलं नाही. जिथे तिचे दुधाचे दात पडले त्या देशाने तिला सांगितलं, आता तुझं इथे काय काम आहे ते सिद्ध कर.

एक रस्ता उरला होता. कलाकारांसाठी वेगळा व्हिसा असतो. आम्ही दोघी एका वकीलबाईंकडे गेलो. पंजाबी, प्रेमळ, टेबलावर बदामाची वाटी. त्यांनी विचारलं, "किती वर्षं वाजवतेस, बेटा?"

"कॉलेजच्या आधीपासून."

"छान. मग पोस्टर दाखव. तुझं नाव असलेली."

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"व्हिडिओ? फोटो? कुठे छापून आलेलं? वेबसाइट?"

मैत्रिणीने फोन काढला आणि होते तेवढे फोटो दाखवले. नऊवारी, फेटा, गॉगल, गळ्यात ताशा. मंडळाच्या वेबसाइटवर तिचे असे ढीगभर फोटो होते. वकीलबाईंना ते फार आवडले. "पण बेटा, हे तर शाळेतलं गॅदरिंग झालं."

मी म्हटलं, मी पत्र लिहिते. ती काय आहे ते मी लिहिते. घरी जाऊन मी एक पान लिहिलं, दोन्ही बाजूंनी, आणि मी आजवर लिहिलेल्यात ते सगळ्यात चांगलं होतं. वकीलबाईंनी ते वाचलं, चष्मा काढला, डोळे पुसले. मग म्हणाल्या, "फार सुंदर. पण तू कोण? तुझं काही प्रसिद्ध झालंय? तुझ्या नावावर?"

मी शेकडो लोकांच्या हातात कागद दिले होते. एकावरही नाव नव्हतं.

बाहेर पार्किंगमध्ये मी म्हटलं, "आपण जुनी पोस्टर बनवू. कोणाला कळणार आहे?"

ती गाडीला टेकून उभी होती. "मी खरंच वाजवलंय ना? मग खोटं कशाला बनवू?"

एका पेय बनवणाऱ्या कंपनीचा ईमेल आला तो यानंतर थोड्याच दिवसांनी. त्यांना आमच्याबद्दल कुठून कळलं माहीत नाही. ब्रुकलिनमध्ये त्यांची जागा होती, परवान्याची, दर महिन्याला आम्ही तिथे यावं, काकांच्या स्पीकरसकट. पोस्टर ते छापतील, नावं घालतील, चित्रीकरण करतील. एरवी मी तो ईमेल मोठ्याने वाचून दाखवला असता आणि सगळ्यांनी मिळून त्याची टर उडवली असती. या वेळी मी तो दोनदा वाचला. नावं. पोस्टर. व्हिडिओ. वकीलबाईंनी मागितलेलं सगळं.

बैठकीला जाताना गाडीत तिने मला बजावलं. "माझ्या व्हिसाचं तू कोणाला सांगायचं नाहीस."

"का? सांगितलं तर सगळे हो म्हणतील."

"म्हणूनच. मला दयेची मतं नकोत यार."

"दया कसली? मैत्री आहे."

"कागद विचारायचे नाहीत, हे कोणी लिहिलंय?"

"मी."

"मग मी जाऊन स्वतःहून दाखवू? सगळ्यांसमोर?"

मी वचन दिलं.

बैठक रविवारी दुपारी, गोदामातच, केबलच्या पेट्यांवर बसून. आमच्याकडे निर्णय सगळ्यांनी मिळून व्हायचा. उघडा तळवा म्हणजे हो. आडवा हात म्हणजे मला पटत नाही, पण मी अडवणार नाही. मूठ म्हणजे नाही. आणि एक मूठ आली की विषय संपला, मग बाकीचे कितीही असोत. बहुमत हा शब्द आमच्यात शिवीसारखा होता. ही पद्धत मला फार प्रिय होती. दुबळ्यातल्या दुबळ्यालाही सगळ्यांना थांबवता येतं, याहून न्यायाची गोष्ट मला माहीत नव्हती.

मी उठले आणि कंपनीच्या बाजूने बोलले. जागा जाते आहे. स्पीकर पावसात सडतील. एक वर्ष करून बघू. बोलताना मला माझाच आवाज परका वाटत होता.

दारावरचा गडी आ वासून बघत राहिला. "थांब, थांब. तू बोलतेयस हे? मी एकदा फुकट मिळालेला टी-शर्ट घालून आलो, त्यावर बर्गरचं चित्र होतं, तर तू मला तो उलटा घालायला लावला होतास."

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

काका हसले नाहीत. ते उठले, व्हॅनपाशी गेले आणि तिचं मागचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला माझं पत्रक होतं, कडा पिवळ्या पडलेल्या, वरून चिकटपट्टी मारलेली. ते त्यांनी वाचून दाखवलं. सगळं नाही. एवढंच, की जो तुला फक्त बघायला आला आहे त्याच्याकडे पाठ कर.

"तू हे लिहिलंस तेव्हा मी सोडायच्या बेतात होतो," ते म्हणाले. "गुडघे गेले होते. माझ्या वेळची माणसं एकतर विकली गेली होती, नाहीतर मेली होती. हे वाचलं आणि म्हटलं, अजून थोडं करू. आता सांग. ते खोटं होतं का?"

"नाही काका. खोटं नव्हतं."

"मग आज काय झालं?"

मी मैत्रिणीकडे बघितलं. ती खाली मान घालून एक केबल गुंडाळत होती, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, परत कोपरापासून. मान वर न करता ती मराठीत म्हणाली, "बोललीस ना, तर याद राख."

"अगं, त्यांना माहीतच नाहीये."

"नसू दे."

"ही शेवटची संधी आहे."

"माझी आहे ना? मला ठरवू दे."

"इंग्रजीत बोला, पोरींनो," गडी म्हणाला.

"ती म्हणतेय तिला भूक लागलीय," मैत्रीण म्हणाली, आणि पुन्हा सगळे हसले.

मग हात वर गेले. काही तळवे, माझ्यासकट. बरेचसे आडवे. तिचाही आडवाच, स्वतःसाठी पूर्ण हातसुद्धा तिने वर केला नाही. आणि काकांची मूठ. म्हातारी मूठ होती ती, सांध्यांवर सुजलेली, नीट मिटतही नव्हती. लहानपणच्या माझ्या सगळ्या कागदांवर जी होती तीच.

आम्ही दोघी खरंच जेवायला गेलो. एका डोशाच्या दुकानात, जिथे प्रत्येक टेबलावर कोणाचं तरी कुटुंब होतं. तिने सांबार ढवळलं. मग म्हणाली, "बरोबर केलं त्यांनी."

"अजिबात नाही."

"त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. तूही. आठ दिवसांपूर्वीपर्यंत तूही."

मी म्हटलं, तू एकटी त्या कंपनीकडे जा. तिने आधीच विचारून बघितलं होतं. त्यांना स्पीकर हवे होते, गोदामाचा तो अंधार हवा होता, आमची टोळी हवी होती. कोणी ऐकलेलीच नाही अशी एकटी मुलगी त्यांना नको होती.

डोसा गार झाला. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पण इतक्या वर्षांत त्या कागदावर एकदा तरी माझं नाव टाकायचं होतंस."

"तू कधी म्हणाली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस." मग तीच हसली, वाईट हसली. "विचारायचं नसतं ना आपल्यात."

मला राग येतो, आणि तो कुठे ठेवावा कळत नाही. बाबांच्या पत्रकांत शत्रू पहिल्या परिच्छेदातच असायचा, त्याचा पत्ताही असायचा. इथे ज्यांच्यावर ओरडावं ते सगळे माझेच आहेत. ज्या कार्यालयाने तिला पुरावा मागितला तिथे तोंड नाही, नुसती खिडकी आहे. आम्ही एक अशी जागा बांधली जिथे कोणालाही स्वतःला सिद्ध करावं लागणार नाही. आणि आमच्यातल्या एकीला स्वतःला सिद्ध करायची वेळ आली तेव्हा त्या जागेकडे तिला द्यायला काहीच नव्हतं. तरीही मी म्हणते, कॅमेरा आत नको. मी हे म्हणते आणि मला रडू येतं. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही गोदाम सोडलं. शेवटच्या पार्टीनंतरची सकाळ, लोक गेलेले, मालाचं मोठं दार उघडं, नदीवरून ऊन थेट आत आलेलं. जमिनीवर टिकल्याच टिकल्या. जाताना लोक फोनवरून काढून टाकून देतात. दर वेळी आम्ही त्या ओल्या फडक्याने खरवडून काढायचो. या वेळी कोणी काढल्या नाहीत. नाहीतरी इमारत पाडणारच होते.

स्पीकर व्हॅनमध्ये चढले होते. मैत्रीण काकांजवळ जाऊन म्हणाली, "काका, मी चाललेय. नागपूरला."

"फिरायला?"

"नाही." आणि तिने सांगितलं, दोन-तीन वाक्यांत. व्हिसा, वकील, पोस्टर.

काका दारातल्या माल चढवायच्या उतारावर बसले. बसताना गुडघ्यांचा आवाज झाला. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी हो म्हणून मान हलवली.

"आणि तू बोलली नाहीस."

"मीच सांगितलं होतं, बोलू नको म्हणून," मैत्रीण म्हणाली. "तुम्ही मूठ उघडली असती."

"अर्थात उघडली असती!" ते ओरडले. त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "अर्थात उघडली असती, वेडे!"

"म्हणूनच, काका."

ते उठले आणि व्हॅनमधला एक स्पीकर ओढायला लागले. आम्ही धावलो. तो खाली उतरवला, मग दुसरा. तारा परत जोडल्या. "वाजव," ते म्हणाले.

तिने वाजवलं. दिवसाउजेडी, रिकाम्या गोदामात, आम्हा मूठभर लोकांसाठी. आत काय घडलं ते सांगायचं नाही, म्हणून कसं वाजवलं ते सांगत नाही. दोनच स्पीकर होते, त्यामुळे ती मागे लपली नव्हती, पहिल्यांदाच पूर्ण दिसत होती. मी खिशातून फोन काढला होता. का काढला, माहीत नाही, वेळ बघायला असेल. तिने तो बघितला. ओठांवरून मला कळलं काय म्हणतेय ते. "काढ ती टिकली."

मी नखाने टिकली काढली आणि फोन वर धरला. कोणीही मला अडवलं नाही. नियमाप्रमाणे काकांनी तर माझ्याकडे पाठ करून उभं राहायला हवं होतं, पण तेही तिच्याकडेच बघत होते.

आता ती नागपूरला एका आयटी ऑफिसात काम करते. तिथे तिला कोणी विचारत नाही ती काय वाजवायची, आणि ती सांगत नाही. काकांचे स्पीकर त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहेत. गडी एका क्लबच्या दारावर उभा राहतो, पगारी, आणि लोकांच्या ओळखपत्रांवरची नावं तपासतो. मी अजून लिहिते. पत्रकं नाहीत. पत्रक द्यायला दार लागतं.

तो व्हिडिओ मी कोणाला दाखवला नव्हता. गेल्या महिन्यात तिनेच विचारलं, "तो पाठव ना."

मी लिहिलं, "त्यात काही नाहीये गं."

"तरी पाठव."

मी पाठवला. खरंच त्यात काही नाही. गोंद भिंगावर राहून गेला होता, त्यामुळे सगळं धुकट आहे, उजेडात हलणारी एक आकृती, कोणाचीही असू शकेल. आणि फोनला तो आवाज पेलला नाही. ठोके नाहीत, त्यांच्यामधली जागाही नाही. नुसती फाटल्यासारखी एक सलग खरखर.

तिचं उत्तर तिच्या सकाळी आलं. "चेहरा दिसत नाही. नाव नाही. तुझ्या नियमात बसतो की."

पुढे एक हसणारा चेहरा होता. मी तिचं नाव टाइप केलं. नाव आणि आडनाव, पुढे-मागे काही नाही. आणि तिला पाठवून दिलं.